चौथ्या धड्यापासून पायवाला टाइप

इंदूअक्का, माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी तुमचं नाव घेतो. आईवडिलांच्याही आधी घेतो, आणि आईला त्याचं वाईट वाटत नाही. तुम्ही गेल्याची बातमी सांगायला गावी गेलो तेव्हा ती दारात गहू निवडत बसली होती. हात थांबवून म्हणाली, "आम्ही तुले खाऊ घातलं, मोठं केलं. पण इंग्रजीचं पुस्तक हाती धरून बसाले त्या अक्कानंच शिकवलं. आम्हाले कुठी येत व्हतं ते?" मग पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा सूप उचललं.

तुमचं शिक्षण, तुमचं माहेर, सासऱ्यांचा प्रेस तुमच्या हाती कसा आला, हे सगळं पेपरात छापून आलं. मी ते पुन्हा लिहिणार नाही. पण तुमच्या तेराव्याच्या, गंधमुक्तीच्या पत्रिकेबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तुम्ही पहिलं तेच विचारलं असतं.

तुमचा पुतण्या राहुल मोबाईलवर एक नमुना घेऊन आला होता. मागे गुलाबाची फुलं, कोपऱ्यात समई, नाव सोनेरी अक्षरांत. तुमचे जुने मशीनमन सलीमभाई त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "राहुलबाबा, ये अक्काकी पत्रिका है. फूल लगाओगे तो उठके बैठेंगी, और पहले मेरेकूच डाटेंगी." रडून डोळे सुजलेली माणसं एकदम हसली. राहुलने मोबाईल खिशात टाकला. पांढरा कागद, काळी शाई, चारही बाजूंना मोकळी जागा, अशी पत्रिका निघाली. माझ्याकडे धुळ्याला आली तेव्हा मी ती तुमच्या पद्धतीने वाचली, शेवटच्या ओळीपासून वर. चूक नव्हती. मग फाडली. मृत्यूची पत्रिका घरात ठेवत नाहीत, आपल्याकडे रीतच आहे. तुम्ही म्हणायच्या, "तासाभरात फाडला जाणारा कागद आहे, म्हणून तर नीट छापायचा. तो एकदाच वाचला जातो."

तेव्हा माझ्या टेबलावर दुसरा एक कागद होता, आणि तो फाडून सुटका नव्हती.

तो होता मुलांच्या इंग्रजी वाचनाच्या पुस्तकाचं शेवटचं प्रूफ. धुळ्याच्या एका शिक्षणसंस्थेसाठी मी ते जुळवलं होतं, अक्षरं आणि पानं दोन्ही. त्यांच्या शाळा साक्री-शिरपूरकडच्या गावांत आहेत. पाचवी ते सातवीची मुलं ते वाचणार, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरात इंग्रजीचं दुसरं कुठलंच पुस्तक नसणार. एकदा छापलं की तेच पुस्तक वर्षानुवर्षं या मुलाकडून त्या मुलाकडे जाणार. चित्रं बसली होती, पानं लागली होती, मशीन थांबलं होतं. फक्त पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक शब्द लिहायचा राहिला होता. 'छापा.'

तो शब्द कोणी लिहायचा, याचा तुमचा नियम पक्का होता. मालक आहे म्हणून कोणी लिहायचा नाही, शिकलेला आहे म्हणूनही नाही. चूक निघाली तर ज्याला सर्वांत जास्त शरम वाटेल, त्याने लिहायचा. लग्नपत्रिकेवर तुम्ही नवरीच्या बापाला लिहायला लावायच्या. एकाने सही येत नाही म्हणून अंगठा पुढे केला, तर त्याला खुर्चीवर बसवून अख्खी पत्रिका मोठ्याने वाचून दाखवलीत आणि मग त्याचा अंगठा घेतलात.

मी धुळ्यात पुस्तकं जुळवायचं काम सुरू केलं तेव्हापासून माझं प्रत्येक शेवटचं प्रूफ तुमच्याकडे आलं. स्टँडवर जाऊन एसटीच्या पार्सलमध्ये पाकीट टाकायचं, ते जळगावला सलीमभाई सोडवून आणायचे. परत यायचं तेव्हा कोपऱ्यात लाल पेनने तो शब्द असायचा. एकदा मी स्वतःच प्रूफ घेऊन आलो होतो. तुम्ही सगळं वाचलंत, पेन माझ्यासमोर धरलंत आणि म्हणालात, "घे, लिही. पुस्तक तुझं आहे." मी म्हटलं, "तुम्हीच लिहा अक्का, तुमचा हात चांगला आहे." तुम्ही माझ्याकडे जरा बघितलंत आणि लिहिलंत. पुन्हा पेन पुढे केलं नाहीत. माझ्या एकाही पुस्तकावर तो शब्द माझ्या हातचा नाही.

आपली पहिली भेट आठवते? मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. वार्षिक अंकाचा इंग्रजी विभाग माझ्या गळ्यात पडला होता, कारण तो बाकी कोणालाच नको होता. तुमचा प्रेस स्वस्तात करून देतो म्हणून सरांनी मला पाठवलं. तुम्ही आदल्या वर्षीचा अंक समोर ठेवलात आणि मी मोठ्या धिटाईने म्हणालो, "मॅडम, अक्षर जरा मॉडर्न पाहिजे."

"मॉडर्न म्हणजे कसं?"

"म्हणजे कॉम्प्युटरसारखं. सरळसोट. हे जुनं वाटतं."

"बरं. आधी मला मॅडम म्हणणं सोड. इथे वकील येतात तेही अक्का म्हणतात. गाव कुठलं तुझं?"

"यावलकडचं."

"घरी काय करतात?"

"केळीच्या बागेत. मजुरी." हे सांगताना माझी मान आपोआप खाली जायची तेव्हा.

"मग केळीचं खोड पाह्यलंस ना जवळून? वर बघ. खाली काय बघतो?" तुम्ही ड्रॉवरमधून भिंग काढलंत आणि माझ्या हातात दिलंत. "हा I बघ. नुसता I. काय दिसतं?"

मी बघितलं. नुसत्या डोळ्यांना तो एक दांडा दिसायचा. भिंगातून दिसलं की दांडा खाली येता येता हळूच रुंद होत होता. पाय त्याला वेगळा चिकटवलेला नव्हता, अंगातूनच फुटला होता. केळीचं खोड जमिनीपाशी असंच पसरतं. मी तसं म्हणालो, आणि तुम्ही सलीमभाईंना हाक मारलीत, "सलीम, ऐक. याला दिसलं."

सलीमभाई पायाने चालवायच्या छपाईयंत्रावरून, ट्रेडलवरून म्हणाले, "दिखा तो बिठाओ उसको. जाने मत दो."

त्या टाइपचं खरं नाव परदेशी. केसवरची, म्हणजे टाइपाच्या खणांच्या पेटीवरची, चिठ्ठी केव्हाच गळून पडलेली. प्रेसमध्ये सगळे त्याला 'पायवाला' म्हणायचे, आणि बिनपायांच्या टाइपाला नुसतं 'सपाट'. ऑफसेट आलं, कॉम्प्युटर आला, तरी पायवाल्याच्या शिशाच्या खिळ्यांची केस तुम्ही भंगारात दिली नाहीत. बिलबुकांवर नंबर टाकायला ट्रेडल ठेवलंय असं लोकांना सांगायच्या. खरं कारण ती केस होती.

त्या दुपारी तुम्ही मला एकेक अक्षर दाखवलंत. O गोल असूनही सगळीकडे सारखा जाड नव्हता. त्याची जाडी जरा तिरकी पडलेली, जणू ओट्यावर मागे रेलून बसलेला माणूस. तुम्ही म्हणालात, हे लेखणीचं काम. इंग्रजीच्या लेखणीचा काप एका बाजूला तिरका, आपल्या बोरूचा दुसऱ्या, म्हणून त्यांची जाडी एकीकडे आणि आपली दुसरीकडे. R चा पाय लांब पसरलेला. लहान g चष्म्यासारखा, दोन भिंगांचा. a, e, o यांची अंगं लहान, पण b, d, h यांच्या माना उंच. त्यामुळे दोन ओळींमध्ये आपोआप हवा राहते आणि पान काळंठिक्कर दिसत नाही. "हे अक्षर दिसायचं नाही," तुम्ही म्हणालात, "मजकूर दिसला पाहिजे. वाचून झाल्यावर टाइप कोणता होता ते आठवलं नाही म्हणजे काम झालं."

आणि मग तुम्ही ती गोष्ट सांगितलीत जी मी आजपर्यंत दरेक शिबिरात, दरेक शाळेत सांगतो. आपलं अक्षर शिरोरेघेला टांगलेलं असतं, दोरीवर धुणं वाळत घालावं तसं. आपल्या पोरांचा डोळा वरच्या रेघेने पळायला शिकलेला. इंग्रजी अक्षर टांगलेलं नसतं, ते जमिनीवर उभं असतं. त्याला वर रेघ नाही. पाय हीच त्याची रेघ. पाय काढून घेतले तर आपल्या पोराच्या डोळ्याला धरायला वरही काही नाही आणि खालीही काही नाही. हे कुठे सिद्ध झालंय की नाही, मला अजून माहीत नाही. पण अकरावी-बारावीत इंग्रजीच्या ओळीवरून घसरत राहिलेल्या मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण मठ्ठ नव्हतो. आपल्याला कोणी जमीन दाखवली नव्हती.

अंकाचा इंग्रजी विभाग पायवाल्यात निघाला. मुखपृष्ठाच्या आतलं पान तुम्ही मुद्दाम शिशाच्या खिळ्यांनी छापलंत. त्यावर संपादक म्हणून माझं पूर्ण नाव होतं, मधे वडिलांचं. वडिलांना वाचता येत नव्हतं. ट्रेडलवर अक्षर कागदात जरासं रुततं, तुम्हाला माहीत आहे. त्यांनी केळीच्या चिकाने काळा पडलेला अंगठा त्या ओळीवरून फिरवला आणि विचारलं, "यात मी कुठी आहे?" मी त्यांचा अंगठा मधल्या नावावर नेऊन ठेवला. ते तिथेच बराच वेळ फिरवत राहिले.

त्यानंतर मी प्रेसमध्ये येतच राहिलो. तुम्ही मला खिडकीजवळचं टेबल दिलंत, अभ्यासाला. प्रूफं वाचायला दिलीत. कोणतं काम कोणत्या अक्षराचं, हे तुम्ही गिऱ्हाइकांशी वाद घालता घालता मला शिकवलंत. सराफाच्या डबीतलं कार्ड पायवाल्यात, कारण दागिना पिढ्यान्‌पिढ्या राहतो. डॉक्टरांचं लेटरहेड पायवाल्यात. डाळमिलच्या पोत्यावर सपाट, कारण पोत्यावर साच्यातून ब्रश फिरतो, पाय पुसले जातात. ठिबकच्या नळ्या जोडायच्या माहितीपत्रकात आकडे आणि आकृत्या सपाट, खालचा मजकूर पायवाला.

आणि तुम्ही चुकायच्याही. मला ते आवडायचं. केळी परदेशी पाठवणाऱ्या पाटलांच्या खोक्यांसाठी तुम्ही हट्टाने पायवालाच लावलात. खोक्याचा खडबडीत पुठ्ठा, रबरी ठसा, पातळ शाई. पहिलाच गठ्ठा घेऊन पाटील परत आले. "अक्का, तुमचे हे e बघा. बठ्ठे आंधळे झाले." खरंच, एकूण एक e ची पोकळी शाईने भरून गेली होती. मला वाटलं तुम्ही आता शाईवर खापर फोडणार. तुम्ही खोकं उलटंपालटं करून बघितलंत आणि इतक्या हसलात की चष्मा काढावा लागला. "बरोबर आहे तुमचं. चिखलात कोणी चांगले बूट घालून जातं का? योगेश, सपाट काढ."

पदवी मिळाली. आमच्या दोन्ही आळ्यांत पहिली. पुढे धुळ्याला काम मिळालं तेही तुमच्या चिठ्ठीवर. तिथे कॉम्प्युटरवर अक्षरांची भली मोठी यादी होती, आणि खाली खाली जाताना मला आपला पायवाला सापडला. R च्या पायावरून ओळखला. मी लगेच फोन केला, "अक्का, सापडला!"

"कोण सापडला? हरवलं कोण होतं?"

"पायवाला. कॉम्प्युटरमध्ये आहे. आता त्याचं नावही कळलं."

"नाव राहू दे. छापून पाठव."

पाठवला. तुमचं उत्तर एका ओळीचं होतं: हाच आहे, पण वाळलाय. खरंच होतं. शिशाच्या खिळ्याला शाई लागून, कागदात रुतून जे अंग भरायचं, ते पडद्यावरच्या अक्षरात नव्हतं. त्याच्या बारीक रेषा केसासारख्या झाल्या होत्या. म्हणून मी शाळेच्या पुस्तकात तो एक घर, म्हणजे एक माप, मोठा घेतो आणि गुळगुळीत कागद टाळतो. साधा कागद शाई पितो, रेषा जरा भरते, आणि जुना पायवाला परत आल्यासारखा वाटतो. हे मला कोणत्याच वर्गात शिकवलं नाही. तुमच्या त्या एका ओळीतून मी ते काढत गेलो.

मग हे मुलांचं पुस्तक आलं, आणि आपलं भांडण लागलं.

संस्थेला सगळं सपाट हवं होतं. तुम्हाला सगळं पायवाल्यात हवं होतं. मी मधे. मला वाटत होतं की पहिले तीन धडे सपाटात असावेत, तेही ज्यातला a मुलं हाताने काढतात तसा आहे, त्या सपाटात. पायवाल्यातला a वरून वाकलेला, पाठीवर ओझं घेतल्यासारखा. मुलांच्या वहीत तो तसा नसतोच.

फोनवर तुम्ही एकदम चिडलात. "पोराला पहिल्या दिवसापासून पुस्तकाचं खरं अक्षर दाखव. आधी एक दाखवायचं आणि मग बदलायचं, म्हणजे त्याचा विश्वास जातो."

"अक्का, त्याने स्वतःच्या हाताने काढलेलं अक्षर खोटं कसं होईल?"

"तू धुळ्याला जाऊन फार बोलाले लागला."

"जळगावलाच शिकलो."

मग, "ठेव फोन. प्रूफ पाठव. कागदावर भांडू."

हे तुमचं माझ्याशी शेवटचं वाक्य. मी प्रूफ पाठवलं. सलीमभाईंनी पाकीट सोडवून तुमच्या टेबलावर ठेवलं, पण तोवर तुम्हाला दवाखान्यात हलवलं होतं. तुम्ही परत टेबलाशी आलाच नाहीत. मी अंत्ययात्रेनंतर प्रेसमध्ये गेलो तेव्हा पाकीट तसंच बंद होतं, त्यावर तुमचं नाव माझ्या अक्षरात. मी ते उचलून धुळ्याला घेऊन आलो.

पहिले काही दिवस मी त्याला हात लावला नाही. मग स्वतःवरच राग आला. तुम्ही म्हणाला होतात कागदावर भांडू, आणि कागद तर माझ्याकडेच होता. तुमच्या बाजूने मलाच भांडायला लागणार होतं, आणि माझ्याही बाजूने.

मी दोन्ही तऱ्हांची पानं छापून माझ्या यावलकडच्या जुन्या शाळेत गेलो. सहावीच्या बाई ओळखीच्या आहेत, त्यांनी एक तास दिला. पहिल्या बाकावर दीपाली नावाची मुलगी होती. पायवाल्यातला पहिला धडा तिच्यासमोर ठेवला. त्यातला पहिला शब्द फळ्यावर तिने धडाधड वाचला होता. इथे तिचं बोट a खाली थांबलं.

"सर, हे काय आहे?"

"a आहे."

"नाही. a असा नसतो." तिने तळहातावर बोटाने काढून दाखवला. "असा असतो. वहीत एक आणि पुस्तकात एक, असं का?"

मागच्या बाकांवरही बोटं तिथेच थांबत होती. सपाटातल्या पानावर थांबली नाहीत.

मग मी त्यांना चौथा धडा दिला, लांब ओळींचा, कावळा आणि विहिरीची गोष्ट. एकदा सपाटात, एकदा पायवाल्यात. सपाटात दीपालीची ओळ चुकली, वरची वाचता वाचता ती खालच्या ओळीत उतरली आणि तिला कळलंही नाही. पायवाल्यात तिचं बोट अक्षरांच्या पायाखालून सरळ सरकत गेलं, ओळीच्या टोकाला जाऊन वळलं, पुढच्या ओळीवर बरोबर बसलं. आता वाकलेल्या a शी ती थांबली नाही. एकदा नुसतं म्हणाली, "हा तो म्हातारा a." वर्ग हसला. एका वर्गावरून नियम काढू नये, हेही तुम्हीच शिकवलंत. पण मी त्या वर्गात बसून ऐकत होतो, आणि माझ्या कानांवर माझा विश्वास आहे.

संस्थेची बैठक झाली. चिटणीस देसले सर निवृत्त मुख्याध्यापक आहेत, भला माणूस. त्यांनी पान लांब धरून बघितलं. "योगेशभाऊ, हाई जुनं दिसस. आते पोरेस्ले मोबाईलनी सवय शे."

मी म्हटलं, "सर, मोबाईलवर ती चार शब्द वाचतात. इथे पान वाचायचंय. आणि उद्या ही मुलं कॉलेजात जातील तेव्हा जाडजूड पुस्तकं याच अक्षरात असतील. तेव्हा त्यांनी दारातच बिचकू नये."

"मग बठ्ठं पुस्तक पायवालं कर ना. तीन धडा सपाट कसाले?"

मी दीपालीचं बोट सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "नंतर कोणी बोट दाखवलं तर जबाबदारी कोणाची?"

"माझी," मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. सर हसून म्हणाले, "चाल मग. तुनी जबाबदारी, तुनं अक्षर."

इतकं सगळं होऊनही त्या कोपऱ्यात माझा हात चालेना. पेन घ्यायचो, ठेवायचो. शेवटी प्रूफ घेऊन जळगावला आलो. प्रेस उघडा होता. तुमची खुर्ची कोणी हलवलेली नाही, पण राहुल तिच्यावर बसत नाही, शेजारी स्टूल घेऊन बसतो. मी प्रूफ सलीमभाईंच्या पुढे केलं. "भाई, तुम्ही अक्कांबरोबर इतकी वर्षं होता. तुम्ही लिहा."

त्यांनी हातही पुढे केला नाही. शाईचा बोळा खाली ठेवला आणि म्हणाले, "मैं क्यूँ लिखूँ? किताब बिगडी तो मेरेकू शरम आयेगी क्या? थोडी आयेगी. तेरेकू कितनी आयेगी?"

"फार."

"तो फिर अक्काका रूल तेरेकू मालूम है. जा, गाडी चुकेल तुझी."

शेवटचं वाक्य त्यांनी तुमच्या मराठीत म्हटलं, म्हणून मी हसलो. तुम्ही असतात तर तुम्हीही हसला असतात, आणि मग म्हणाला असतात, उभा काय राह्यला, जा.

त्या शब्दाआधी तुम्ही जे करायच्या ते सगळं केलं. धुळ्याला येऊन खिडकीजवळ बसलो. पुस्तक शेवटच्या ओळीपासून वर वाचलं. मग सरळ वाचलं. मग मोठ्याने वाचलं, माझ्या बायकोने शेजारच्या खोलीतून दोन उच्चार सुधारले. सहाव्या धड्यात एक स्वल्पविराम उलटा वाटत होता, तो भिंगातून बघितला, सुलटाच होता. भिंग तुमचंच आहे. राहुलने दिलं.

मग मी प्रूफबरोबर तुम्हाला पत्र लिहिलं. नेहमीप्रमाणे स्टँडवर जाऊन पार्सलमध्ये दिलं. काउंटरवरचा माणूस मला ओळखतो. त्याने नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाकीट आत घेतलं. सलीमभाई ते सोडवतील आणि झालेली प्रूफं जिथे लागतात त्या तारेला लावतील, एवढंच सांगून ठेवलंय. मशीनवर छापायची दुसरी प्रत मी इथेच धुळ्यात दिली आहे. पत्र असं होतं:

धुळे

ती. इंदूअक्का यांना,
योगेशचा साष्टांग नमस्कार.

मुलांच्या पुस्तकाचं प्रूफ सोबत आहे. पहिले तीन धडे सपाटात ठेवले आहेत. तुम्हाला पटणार नाही. पण वर्गात बसून बघितलं, मुलं त्या a पाशी अडतात. त्यांना दारातच अडवायचं नाही.

चौथ्या धड्यापासून शेवटपर्यंत पायवाला आहे. तिथे तुमचं खरं ठरलं. एक घर मोठा घेतला आहे, म्हणजे वाळलेला दिसणार नाही. कागद साधाच आहे. चौथ्या धड्याच्या आधी एक पान मोकळं सोडून त्यावर दोन्ही a शेजारी शेजारी मोठे काढले आहेत, आणि खाली लिहिलं आहे की हे दोघं एकच आहेत. म्हणजे विश्वास जाणार नाही. ते पान तुमच्यामुळे आलं. तुम्ही भांडला नसतात तर मला सुचलं नसतं.

मुद्रणदोष माझ्या नजरेला एकही आलेला नाही. एखादा निघालाच तर शरम माझी.

या वेळी प्रूफ परत पाठवू नका. कोपऱ्यात बघा, लाल पेनने, माझ्याच हाताने लिहिलं आहे.

छापा.

योगेश